गरी, रील आणि डोह

वऱ्हाडातल्या नदीकाठच्या कुठल्याही गावात माशांचा विषय निघाला, की कुणीतरी विचारतंच, "काहो, या मोबाईलच्या पायी आमच्या नदीतले मासे संपले म्हणतात. खरं हाय काय?" विचारणारा बहुधा पन्नाशीच्या पुढचा असतो. पूर्णेच्या नाहीतर पेढीच्या डोहात गरीला गांडूळ लावून त्यानं लहानपणी मासे धरलेले असतात. आता पहिल्या पुरात त्याच डोहावर मोटारसायकलींची रांग लागते. मुलांच्या एका हातात गरी असते आणि दुसऱ्या हातात फोन.

या प्रश्नाला नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. आधी मासा कुठे राहतो, कधी अंडी घालतो आणि कधी सहज हाती लागतो, हे समजून घ्यावं लागतं. मोबाईलनं काय केलं, हे त्यानंतरच नीट दिसतं.

१. दोन पाणी, दोन हिशेब

अमरावती-अकोल्याकडचं पाणी दोन तऱ्हेचं आहे. पहिलं वाहतं. पूर्णा मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात भैंसदेहीच्या परिसरात उगम पावते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा हे जिल्हे ओलांडून जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. पेढी, शहानूर, काटेपूर्णा, मोर्णा, वान, मन या तिला येऊन मिळणाऱ्या नद्या. वर मेळघाटात सिपना, गडगा, खापरा, डोलार या नद्या तापीच्या ओढीनं धावतात. पूर्वेला वर्धा नदी आहे, तिचं पाणी शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात जातं.

दुसरं पाणी साठवलेलं. मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण, अकोला शहराची तहान भागवणारं महानचं काटेपूर्णा धरण, तेल्हारा तालुक्यातलं वान धरण आणि गावोगावचे छोटे तलाव.

या दोन पाण्यांतल्या माशांचा हिशेब वेगळा आहे. धरणात प्रामुख्यानं कतला, रोहू, मृगळ वाढवतात. कतला आणि रोहू हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले मासे. साठलेल्या तळ्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी त्यांचं बीज नद्यांमधून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून मादीला बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. आज १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, तो याच प्रयोगामुळे. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं. मच्छिमारांची सहकारी संस्था जलाशय ठेक्यानं घेते, बीज विकत आणून सोडते, वर्षभर राखण करते आणि मग जाळं टाकते.

नदीतल्या शिंगाळ्याचं, मरळीचं, वामीचं बीज असं कुणी आणून सोडत नाही. धरणातला मासा पेरलेल्या कपाशीसारखा, तर नदीतला रानातल्या बोरीसारखा. कपाशी गेली तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. बोरीचं झाड मुळातून गेलं, तर ते कोण लावणार?

मोबाईलच्या पडद्यावर हा फरक दिसत नाही. पाणी तेच, मासा तोच, टाळ्याही त्याच. पण ठेक्याच्या जलाशयात न विचारता गरी टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली बोंडं वेचणं. ती बोंडं बहुतेक वेळा एखाद्या भोई कुटुंबाच्या वर्षाच्या मिळकतीतून जातात. मेळघाटच्या जंगलात तर वन्यजीव कायद्याची हद्द सुरू होते. १९७३-७४ साली घोषित झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी मेळघाट एक आहे. तिथल्या गाभाक्षेत्रातल्या डोहावर वाघाइतकाच माशांचाही हक्क आहे.

२. मासे चढतात म्हणजे काय होतं

मृगाचा पाऊस दमदार झाला, नाल्याला गढूळ लोंढा आला, की जुने लोक म्हणतात, "मासे चढले." पाण्याची पातळी एकाएकी वाढते, तापलेलं पाणी थंड होतं, प्रवाहाला जोर येतो. या बदलांनी माशाच्या शरीराला इशारा मिळतो. अंड्यांनी भरलेल्या माद्या आणि त्यांच्यामागे नर, खोल डोह सोडून प्रवाहाच्या उलट निघतात आणि उथळ नाल्यात, बांधाला लागून पाणी साचलेल्या शेतात शिरतात.

एवढा धोका ते का पत्करतात? नव्यानं बुडालेल्या जमिनीवर काही दिवसांत सूक्ष्म जीवांचं भरगच्च ताट तयार होतं आणि मोठे शिकारी मासे तिथे कमी असतात. पिल्लांसाठी याहून चांगली अंगणवाडी नाही. रोहूसारख्या माशाची अंडी उबदार पाण्यात एका दिवसाच्या आत फुटतात. पाणी ओसरेपर्यंत पिल्लं पोहायला लागतात आणि नदीत परततात.

आता एक छोटा हिशेब करू. रोहूच्या मादीत तिच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण दोन लाख अंडी असतात. दोन किलोची मादी म्हणजे चार लाख अंडी. समजा, दहा हजारांत एकच पिल्लू मोठं होतं. तरी त्या एका मादीमागे चाळीस मोठे मासे. तीच मादी अंडी घालायच्या आदल्या संध्याकाळी नाल्यात धरली, तर ताटात आला एक मासा आणि गेले एकेचाळीस. अंडी घालून परतल्यावर ऑक्टोबरात धरली, तर गेला एकच. मासा तोच, ताट तेच, फरक फक्त चार महिन्यांचा.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे समजावण्याची गरज नाही. दुष्काळातसुद्धा ज्वारीच्या बियाण्याची कणगी फोडू नये, हे त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. चढणीची मादी ही नदीची बियाण्याची कणगी आहे.

कायद्यानंही हे ओळखलं आहे. महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. शेजारच्या मध्य प्रदेशात नद्या आणि जलाशयांत १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंदीचा काळ पाळतात. धारणीकडच्या माणसाला तापीच्या पल्याडचा हा नियम ठाऊक असतो.

आपल्याकडे चढणीचे मासे पूर्वीही लोक खात होतेच. पण तेव्हा एक नैसर्गिक कुंपण होतं. लोंढा आल्याची खबर माणसाच्या पायांनी जाई. शेजारच्या गावाला कळेपर्यंत पाणी ओसरे, मासे पुढे निघून जात. दहा माणसं धरत, शंभर मासे निसटत. तेवढ्यावर पुढचं वर्ष चाले.

३. डोहाची गर्दी फसवते

माशांचा दुसरा नाजूक काळ उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात पूर्णेच्या उपनद्यांची धार तुटते आणि पाणी उरतं ते डोहांत. कोसभर पात्रातले मासे एका डोहात गोळा होतात. अशा डोहात जाळं टाकलं तर ते जड होऊनच वर येतं. बघणारा म्हणतो, "मासे कमी झाले म्हणता, हे काय मग?"

हा भ्रम नीट समजून घ्यायला हवा. समजा, तुमच्या गावात लग्न आहे. कुणी परका माणूस लग्नाच्या मांडवात येऊन डोकी मोजतो आणि म्हणतो, गावात किती माणसं हो! खरं तर घरोघरची माणसं मांडवात आली आहेत आणि घरं रिकामी आहेत. उन्हाळ्यातला डोह हा तसा मांडव आहे. तिथली गर्दी नदीच्या समृद्धीची नसते, पाणी आटल्याची असते.

मत्स्यशास्त्रात ही जुनी ठेच आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर कॉड जातीचे मासे कमी होत होते, तरी उरलेले मासे थव्यानं एकत्र येत. त्यामुळे जहाजांची जाळी भरत राहिली आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहिलं. २ जुलै १९९२ रोजी सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार एका दिवसात गेला. भरलेलं जाळं पाण्याची पूर्ण गोष्ट सांगत नाही, ही गोष्ट तिथे फार उशिरा कळली.

ही दोन सूत्रं मनात ठेवू. मासा सगळ्यात सहज हाती लागतो तो चढणीच्या वेळी आणि आटत्या डोहात. आणि नेमक्या त्याच दोन वेळी त्याला मारणं नदीला सगळ्यात महाग पडतं.

४. मग मोबाईलनं काय बदललं?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट खेड्यातल्या खिशाला परवडू लागलं. २०२० चा मार्च टाळेबंदी घेऊन आला. शहरांतली मुलं गावी परतली आणि हातात वेळच वेळ होता. त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामनं रील आणली, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करणं आणि बघणं हा रोजचा रिवाज झाला.

कोणता व्हिडिओ कुणापुढे ठेवायचा, हे आठवडी बाजारातल्या हुशार विक्रेत्यासारखं ठरतं. ज्या ढिगाऱ्यापुढे गिऱ्हाईक थबकतं, तो ढिगारा विक्रेता पुढच्या बाजारी आणखी पुढे मांडतो. माशांच्या व्हिडिओंत लोक कुठे थबकतात? मोठ्या माशापुढे, भरलेल्या जाळ्यापुढे, हातानं मासे उचलण्याच्या दृश्यापुढे. म्हणजे चढणीपुढे आणि आटत्या डोहापुढे. जी दृश्यं नदीला महाग पडतात, तीच पडद्यावर सगळ्यात पुढे येतात. हे कुणी वाईट हेतूनं ठरवलेलं नाही, पण परिणाम मात्र होतो.

व्हिडिओबरोबर तीन गोष्टी प्रवास करतात. पहिली जागा. मागे दिसणारा पूल, बंधारा, मंदिराचा कळस एवढ्यावरून जाणकार डोह ओळखतो. दुसरी वेळ. सकाळी नाला भरला आणि कुणी चित्रण टाकलं, की दुपारपर्यंत तालुक्याच्या गावातून गाड्या येतात. खबर पायांनी जाण्याचं जुनं कुंपण इथे पडतं. तिसरी पद्धत. कोणतं आमिष, कोणती गरी, कुठल्या कपारीत.

प्रवास करत नाही ती मर्यादा. भोई घरातला मुलगा बापाबरोबर जाळं टाकायला शिकतो, तेव्हा कुठे टाकायचं नाही आणि काय परत सोडायचं, हेही त्याच्या कानावर पडत असतं. अर्ध्या मिनिटात कौशल्य मावतं, संयम मावत नाही. रिकाम्या हातानं परतलेली संध्याकाळ कुणी दाखवत नाही आणि पाण्यात परत सोडलेल्या मादीला भरलेल्या जाळ्याएवढी दाद मिळत नाही.

स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारण्याचे प्रकार तर मर्यादेच्या पार पलीकडचे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून ते गुन्हे आहेत. त्यात मोठ्या माशाबरोबर पिल्लं, बेडूक, किडे, सगळा डोहच मरतो. असं चित्रण दिसलं तर ते पुढे पाठवणं म्हणजे त्या पद्धतीची जाहिरात करणं.

५. मरळीची गोष्ट

हा सगळा मुद्दा एकाच माशात बघायचा असेल, तर मरळ बघावी. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकते, म्हणून कमी पाण्यात, चिखलातही तग धरते. तिला चवीमुळे भाव मिळतो आणि ती गरीवर जोरानं झेपावते, त्यामुळे व्हिडिओतही ती लाडकी आहे.

मरळीचा संसार इतर माशांहून वेगळा. ती लाखो अंडी सोडून निघून जात नाही. कमी अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते. पिल्लं नारिंगी-लालसर रंगाची असतात. पृष्ठभागाजवळ त्यांचा एकत्र झुबका फिरतो आणि खाली आई-बाप पहारा देतात. झुबक्याजवळ बेडूक जरी आला तरी पालक त्याच्यावर तुटून पडतात.

रबरी बेडूक लावलेली गरी याच स्वभावाचा फायदा घेते. पिल्लांच्या झुबक्यावर बेडूक फेकला, की मरळ झेपावते. ती भुकेनं झेपावत नाही, राखणीसाठी झेपावते. व्हिडिओत ही झेप थरारक दिसते. कॅमेरा बंद झाल्यावर पहारा उठलेल्या झुबक्यावर इतर मासे आणि पक्षी ताव मारतात, ते कुणी चित्रित करत नाही. एका मरळीबरोबर त्या वर्षीची तिची सगळी वीण जाते.

ही युक्ती जुन्या मासेमारांनाही माहीत होती. पूर्वी ती एका डोहावरच्या दोघा-चौघांना ठाऊक असे, आज ती फोन असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फरक तेवढाच, पण मरळीसाठी तो फार मोठा.

६. दूरच्या किनाऱ्यावरचा धडा

आपण एकटेच या पेचात नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लाटांत उभं राहून लांब काठीनं गळ फेकण्याचा मोठा शौक आहे. तिथला मानाचा मासा म्हणजे पट्टेदार बास. तो किनाऱ्यानं थव्यानं स्थलांतर करतो, म्हणजे त्याचीही एक चढण आहे. थवा कुठे आला ही बातमी पूर्वी मित्रामित्रांत राही. आता फोटो पडला की तासाभरात किनारा माणसांनी भरतो. गुप्त जागा जगजाहीर करण्याला तिथले लोक जागा जाळणं म्हणतात. शब्द कडक आहे, पण नेमका आहे.

या बासची बहुतांश शिकार व्यापारी बोटी करत नाहीत, हौशी गळवाले करतात. २०१९ मध्ये शास्त्रीय पाहणीनं जाहीर केलं की त्याची संख्या धोक्याच्या रेषेखाली गेली आहे. याची कारणं अनेक होती. पण उपाय बघण्यासारखा आहे. २०२३ पासून समुद्रकिनाऱ्यावर साधारण ७१ ते ७९ सेंटिमीटर लांबीचाच मासा घरी नेता येतो. त्याहून लहान सोडायचा आणि मोठाही सोडायचा. मोठा का? कारण मोठी मादी प्रमाणाबाहेर जास्त अंडी घालते. जो मासा फोटोत सगळ्यात शोभतो, तोच पाण्यात सगळ्यात मोलाचा असतो.

७. सरकणारी मोजपट्टी

आता फोटोची दुसरी बाजू. लॉरेन मॅक्लेनाचन या संशोधिकेनं फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरावरचे जुने फोटो जमवले. सहलीला गेलेली कुटुंबं धरलेले मासे फळीला टांगून दरवर्षी फोटो काढत. १९५६ ते २००७ या काळातले फोटो मोजल्यावर दिसलं की माशाचं सरासरी वजन १९.९ किलोवरून २.३ किलोवर आलं होतं. महागाई वजा केली तर सहलीचा दर मात्र तेवढाच राहिला होता. लोक तेवढेच पैसे देऊन आठ-नऊ पट लहान मासा आनंदानं टांगत होते, कारण आधीच्या पिढीचा मासा त्यांनी पाहिलाच नव्हता.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये या विस्मरणाकडे लक्ष वेधलं होतं. प्रत्येक पिढी आपल्या बालपणीची नदी हीच खरी नदी समजते आणि मोजपट्टी नकळत खाली सरकते. आजोबांना हातभर शिंगाळा नेहमीचा वाटे, नातवाला वीतभर शिंगाळा मोठा वाटतो आणि तो त्याचा व्हिडिओ काढतो.

म्हणजे त्या फोटोंनी नुसता दिखावा केला नाही, साक्षही दिली. आपल्याही खिशात तेच साधन आहे. गरीला लागलेल्या माशाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. तारीख, तालुका, माशाचं गावातलं नाव आणि लांबी टिपून ठेवावी. डोहाचं नाव आपल्या वहीत असावं, पडद्यावर नसावं. एका गावातल्या पाच मुलांनी पाच वर्षं हे केलं, तर आपल्या नदीत काय घडतंय याची नोंद त्यांच्यापाशी असेल आणि ती प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाला, मत्स्यव्यवसाय खात्याला दाखवता येईल.

मोबाईलचे इतरही उपकार आहेत. धरणावरचा मच्छिमार व्हॉट्सॲपवर सकाळची पकड कळवून थेट गिऱ्हाईक मिळवू शकतो. मासा ओल्या हातानं धरावा म्हणजे त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघत नाही, त्याला पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये, उलटा काटा नसलेली गरी वापरावी, हेही बऱ्याच मुलांना व्हिडिओंतूनच कळलं आहे.

८. तर खरं काय?

आता पन्नाशीतल्या त्या माणसाला उत्तर देऊ. काका, नदीतले मासे मोबाईलनं संपवले असं म्हणणं खरं होणार नाही. बंधाऱ्यांनी चढणीची वाट अडली, वाळू उपसली तशी अंडी घालायच्या जागा गेल्या, गावांचं सांडपाणी आणि शेतातली औषधं पाण्यात उतरली, उन्हाळी धार तुटली. हे घाव जुने आणि खोल आहेत. मोबाईल त्या जखमी नदीवर आला आणि तिच्या सगळ्यात दुबळ्या दोन वेळांवर त्यानं गर्दी आणून उभी केली.

जुने घाव भरायला सरकार, पैसा आणि वर्षं लागतील. गर्दी मात्र आपल्या हातात आहे. मृगापासून श्रावणापर्यंत नाल्यात चढणारा मासा धरायचा नाही. अंड्यांनी भरलेली मादी कधीही लागली तरी सोडायची. मरळीच्या झुबक्यावर गरी फेकायची नाही. मे महिन्यातल्या शेवटच्या डोहाला हात लावायचा नाही, कारण पुढच्या पुरात चढणारे मासे त्याच डोहातून निघणार आहेत. आणि डोहाचा पत्ता पडद्यावर टाकायचा नाही.

येत्या जूनमध्ये पहिला लोंढा येईल तेव्हा नाल्यावर जरूर जावं, मुलांनाही न्यावं. गढूळ पाण्यात पाठी चमकवत वर चढणारे मासे बघण्यासारखं दृश्य आपल्या मुलखात दुसरं नाही. ते डोळे भरून बघावं, वाटलं तर चित्रणही करावं. मग घरी येऊन वहीत लिहावं: आज मासे चढले. आणि ते चित्रण पाणी ओसरेपर्यंत, मासे परत डोहात पोहोचेपर्यंत, आपल्याच फोनमध्ये ठेवावं.